चित्रांचं माहेरपण

अनुदानाचा अर्ज लिहिणं आणि मुलीचं लग्न जमवणं यात फारसा फरक नाही, असं निवेदिता म्हणायची. दोन्हीकडे आपलं चांगलं तेवढं पुढे करायचं, गळक्या छपराचा विषय शिताफीनं टाळायचा, आणि समोरच्यांनी ‘कळवतो’ म्हटलं की ‘जरूर, जरूर’ म्हणून हसायचं. कळवत बहुतेक कुणी नाही. तरी आपण पुढच्या स्थळाच्या मागे लागायचं.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून, म्हणजे जुन्या राजघराण्याच्या समाधींपासून, हाकेच्या अंतरावर, कापडाच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर ‘रविवार चित्रघर’ होतं. त्याला कुणी संग्रहालय म्हटलं की श्रीकृष्ण सरांना हसू यायचं. पण अर्जात ‘संग्रहालय’ लिहिल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही, म्हणून निवेदिता लिहायची. तिकीट नव्हतं, कमाई नव्हती, एक ट्रस्ट होता आणि त्या ट्रस्टमध्ये सह्या करण्यापुरती माणसं होती. दिवे, पंखे, राखणदाराचा पगार, भिंतीची ओल, सगळं निवेदितानं इकडून तिकडून मिळवलेल्या अनुदानांवर चालायचं. हे काम ती गेली कित्येक वर्षं करत होती, आणि चांगलं करत होती. पुढे जे झालं ते काम न येणाऱ्या बाईच्या हातून झालं असतं, तर एवढं वाईट वाटलं नसतं.

सर म्हणजे श्रीकृष्ण सर. महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. दर रविवारी शाळेचा एक वर्ग उघडून ते कुणालाही चित्रं काढू द्यायचे. मिलमधले कामगार यायचे, रेल्वेतले कारकून यायचे, स्वयंपाक उरकून बायका यायच्या. त्यांच्यातला एकही पुढे मोठा चित्रकार झाला नाही आणि सरांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. लक्ष्मण नावाच्या कामगारानं मिलमधल्या आपल्या मागाचं चित्र काढलं. एका कारकुनानं झोपलेली सासू काढली, तीही तिला न विचारता. ही माणसं म्हातारी झाली, काही गेली, आणि त्यांची चित्रं पलंगाखाली नाहीतर माळ्यावर पडली. तेव्हा ती एका छताखाली आणायला सर सायकल काढून घरोघरी निघाले.

ते चित्र मागायचे कसे, ते ऐकण्यासारखं होतं. दारात उभं राहून म्हणायचे, “तुमच्या मुलीला मागणी घालायला आलोय.” घरातले हसायचे. मग सर बसायचे, चहा घ्यायचे, गावभरच्या गप्पा करायचे, आणि उठताना घरच्या बाईच्या हातात खण-नारळ ठेवायचे. “सुखात ठेवीन,” म्हणायचे, “आणि दर चैत्रात माहेरी पाठवीन.” कागद नाही, सही नाही. कुणी तसं सुचवलंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, “लेकीची काय पावती घ्यायची असते?”

आणि शब्द त्यांनी पाळला. चैत्रातल्या तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते, महिनाभर माहेरपण भोगते आणि अक्षय तृतीयेला सासरी जाते. तेवढ्या दिवसांत चित्रघरातली साठेक चित्रं आपापल्या घरी जायची. जुन्या सतरंजीत गुंडाळून कुणी स्कूटरवर न्यायचं, कुणी ई-रिक्षात मांडीवर घेऊन. घरात बाहेरच्या खोलीत चित्र लागायचं, हळदीकुंकवाला शेजारपाजारच्या बायका यायच्या, कैरीची डाळ आणि पन्हं व्हायचं, आणि ‘हे आमच्या सासूबाईंनी काढलेलं बरं का’ असं सुना मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. अक्षय तृतीयेला सगळ्या लेकी परत. एखादीच्या चौकटीला हिंगाचा वास यायचा, एखादी नवी चौकट लेवून यायची. दारात सर त्यांची ओटी भरायचे. ते काम पूर्वी त्यांच्या पत्नीचं होतं. त्या गेल्यावर सर स्वतःच करू लागले, आणि पुरुषानं ओटी भरावी का असं त्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती. इतक्या वर्षांत एक चित्र कधी माहेरी राहिलं नाही.

त्यात एक चित्र निवेदिताच्या आईचं होतं. सरोजिनीबाईंनी ते मिलच्या जाड लठ्ठ्याच्या कापडावर रंगवलं होतं. गच्चीवरची दोरी, दोरीवर वाळत घातलेलं पिवळं नऊवारी, आणि त्या लुगड्याच्या खालून दिसणारे एका लहान मुलीचे पाय. मुलगी लुगड्याच्या आड लपलेली आहे आणि तिला वाटतंय, आपण कुणाला दिसत नाही. ते पाय निवेदिताचे होते.

या चित्राचं माहेर लोकमान्य नगरातलं, म्हणजे निवेदिताचंही तेच. वडील गेल्यावर तिनं त्या घरावरचा हक्क भावाच्या, रजतच्या, नावे सोडला होता. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. सगळ्याच बहिणी करतात तसं तिनं केलं. नोंदणीच्या कचेरीतून बाहेर पडून भावाबहिणींनी उभ्या उभ्या कचोरी खाल्ली आणि हसत घरी गेली. नवऱ्यापासून वेगळी होऊन तिला तेव्हा बराच काळ झाला होता. ती भंवरकुआंजवळ, कोचिंगच्या पोरापोरींनी भरलेल्या एका इमारतीत लहानशा फ्लॅटमध्ये राहायची. रजत वाईट वागला असं एकदाही झालं नाही. फक्त पूर्वी ती त्या घरी उगीच जायची, आता काहीतरी निमित्त लागायला लागलं. आणि मग हळूहळू निमित्त एकच उरलं. चैत्रात आईचं चित्र घेऊन जायचं.

त्या दिवशी ती चित्र रिक्षात मांडीवर आडवं धरून बसायची. रजत दारात येऊन ‘आली, आली’ म्हणायचा, आणि ते चित्राला की बहिणीला हे विचारायची गरज पडायची नाही. दोन-तीन दिवस ती तिथेच राहायची. निघताना रजतची बायको सुरभी आधी चित्राची ओटी भरायची आणि मग, कुणी काही बोलायच्या आत, निवेदिताची. ओल्या हरभऱ्यांनी ओढणीला गारवा यायचा. नवऱ्याला सोडलेल्या बाईची ओटी दुसरं कुणी भरत नव्हतं. सुरभीनं त्याचा कधी गाजावाजा केला नाही, आणि निवेदितानंही कधी आभार मानले नाहीत. असल्या गोष्टींचे आभार मानले की त्या संपतात, अशी तिला भीती वाटायची.

दिल्लीच्या एका फाउंडेशनचं पत्र आलं तेव्हा पावसाळ्यात गळलेलं छप्पर ताडपत्रीखाली होतं. राज्याच्या खात्याकडून मिळणारा तुकडा बंद झाला होता आणि गोदामाचा मालक जागा सोडा म्हणत होता. आणि इकडे फाउंडेशन तीन वर्षांचं अनुदान द्यायला तयार होतं. छप्पर, चित्रांची डागडुजी, पगार, सगळं त्यात बसत होतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. पत्र वाचून निवेदिता जिन्यात बसली आणि एकटीच हसली.

फाउंडेशनकडून हे काम बघणारी मधुरिमा नावाची बाई होती. फोनवर गोड बोलायची, आणि मनानंही चांगलीच होती. सगळा दोष तिच्या माथी मारता आला असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. तिच्या अटी दोन. एक, प्रत्येक चित्र चित्रघराच्याच मालकीचं आहे याचा कागद पाहिजे; उद्या कुणी वारस उठून आमचं म्हणाला तर डागडुजीचा पैसा वाया. दोन, करारावर सही झाल्यापासून एकही चित्र इमारतीबाहेर जाणार नाही, कारण विमा त्याशिवाय होत नाही.

“तुम्ही ती चित्रं स्कूटरवर पाठवता, हे मी ऐकलंच नाही असं समजते,” मधुरिमा हिंदीत म्हणाली आणि हसली. निवेदिताही हसली.

सरांना तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. ऐंशी उलटलेले सर खिडकीशी बसून ऐकत होते. माहेरपण बंद होणार हे ऐकल्यावर त्यांनी वर ताडपत्रीकडे पाहिलं.

“छप्पर पाहिजेच ना, बेटा,” ते म्हणाले. “चित्रं भिजली तर कोणतं माहेर अन् कोणतं सासर. कर तू. पर एक कर, घरोघरी जाऊन बस. कागद पोस्टानं जातो, माणसाला पायानं जावं लागतं. चहा घे, मग कागद काढ.”

“हो सर,” निवेदिता म्हणाली.

आणि गेली नाही. तिच्या बाजूनं सांगायचं तर वेळच नव्हता. मुदत जवळ आली होती, हिशेब तपासून घ्यायचे होते, तीन-तीन अहवाल इंग्रजीत लिहायचे होते. साठ घरं, साठ चहा. तिनं कोर्टाजवळच्या एका वकिलाकडून कागदाचा तयार नमुना आणला. वकिलानं त्याच्याजवळ नेहमी असतो तोच काढून दिला, हकत्यागाचा, म्हणजे हक्क सोडल्याचा. घराच्या आणि शेताच्या जागी ‘उक्त चित्र’ एवढं बदललं. निवेदितानं नावं घातली, खाली ‘यंदापासून चित्रे घरी पाठवता येणार नाहीत, सहकार्य करावे’ अशी ओळ जोडली, आणि पलासियातल्या बँकेच्या रांगेत उभ्या उभ्या साठ घरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला. घर भावाच्या नावे करताना तिनं स्वतः अशाच कागदावर सही केली होती. ती तरी थांबून वाचेल असं कुणालाही वाटलं असतं. पण कामात बुडालेल्या माणसाला आपलं जुनं दुखणंसुद्धा दुसऱ्याच्या नावावर ओळखू येत नाही.

पहिला सही केलेला कागद त्याच दिवशी आला. रजतचा. स्टँपपेपरवर, दोन साक्षीदारांसह, अगदी चोख. मागोमाग फोन.

“ताई, बघ, सबसे पहले तुझ्या भावाचा आला ना? ऑफिसातच करून टाकला. तुझं काम अडायला नको यार.”

“अरे, एवढी घाई नव्हती,” निवेदिता म्हणाली.

“असं कसं! तुझी एवढी मोठी ग्रँट आहे. सुरभी पण बोलली, लगेच करून टाक.”

तिला भरून आलं. फोन ठेवल्यावर तिनं तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावला.

त्यानंतर मात्र कुणाचाच आला नाही. आठवड्यानं एक, कुणा लांबच्या पुतण्याचा, तोही अर्धवट भरलेला. निवेदितानं आठवण पाठवली. त्यावर लोकांनी नमस्काराचे हात पाठवले, कुणी ‘जी’ लिहिलं, कुणी नुसतंच वाचून ठेवलं. मग एका दुपारी शांताबाई आल्या. मागाचं चित्र काढणाऱ्या लक्ष्मणची बायको. लक्ष्मण जाऊन किती वर्षं झाली. बाई आता काठी घेऊन चालायच्या. जिना चढून आल्या, दम खाल्ला, पाणी प्यायल्या आणि नातवाचा मोबाइल पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

“निवेदिता, हे तू पाठवलं का?”

“हो मावशी. सही पाहिजे होती.”

“सही देते मी. नाही कुठे म्हणते? छताचं काम आहे, कळतं मला.” त्यांनी नवऱ्याच्या चित्राकडे बघितलं. मागाच्या धाग्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता. तेवढंच एक लक्ष्मणला छान साधलं होतं. “पर एक सांगते. आखरी बार तिला घरी येऊ दे. चैत्र आहे. असं अचानक नाही बंद करत, बेटा. घरातल्यांना सांगून, खाऊ-पिऊ घालून, मग बंद करतात. आखातीजला मी खुद आणून देईन, अन् सही पण तेव्हाच करीन.”

निवेदितानं मनात हिशेब मांडला. अट करारावर सही झाल्यापासून होती. करार आखातीजनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरच्या आठवड्यात ठेवला तर नियम मोडत नव्हता, लोक खूश होत होते आणि कागद आपसूक हातात पडत होते. साप मरतो आणि काठीही मोडत नाही. आपल्या हुशारीवर ती इतकी खूश झाली की तिनं तिथल्या तिथे सगळ्यांना निरोप पाठवला: ‘यंदाचे शेवटचे माहेरपण. अक्षय तृतीयेला चित्र आणि सही दोन्ही आणावे.’

या वेळी उत्तरं भराभर आली. तृतीयेच्या दिवशी जिन्यात गर्दी झाली. सतरंज्या, चादरी, दोऱ्या; एका घरचे तर चक्क ढोल घेऊन आले. सर प्रत्येक चित्राला हळदीकुंकू लावून निरोप देत होते. संध्याकाळपर्यंत भिंती रिकाम्या झाल्या. चित्रांच्या जागी चुन्याचे पांढरे चौकोन तेवढे राहिले.

आणि आईचं चित्र राहिलं. निवेदितानं त्याला पुसून, सतरंजीत गुंडाळून दाराशी ठेवलं होतं. स्वतःची लहानशी बॅगही भरून आणली होती. मग तिनं रजतला फोन लावला.

“अरे, मी निघतेय. आईचं चित्र घेऊन.”

“आज?” रजत गोंधळला. “ताई, ते तर झालं ना? मी कागद दिला ना तुला?”

“हो, दिलास. पण यंदा शेवटचं म्हणून सगळ्यांनी नेलंय.”

“अच्छा. ते जे लोक अटकून बसले होते, त्यांच्यासाठी का?” रजत मोकळेपणानं म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर काही नव्हतं, हेच तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवायचं. “आपलं तर क्लिअर आहे. ती म्युझियमचीच झाली आता. आणि ताई, सुरभी मुलांना घेऊन देवासला चालली आहे, माहेरी. मी पण तिकडेच जाईन. घरात कोणीच नाही गं. तू उगीच इतक्या उन्हात एवढं मोठं चित्र घेऊन... फिर कभी येच तू. तुझंच घर आहे.”

“हो, हो. खरंय,” निवेदिता म्हणाली. “मी उगीच विचारलं.”

तिनं चित्राची दोरी सोडली आणि ते पुन्हा खिळ्याला लावलं. बॅग टेबलाखाली सरकवली. राखणदार काही विचारील म्हणून तिनं आधीच सांगून टाकलं, की यंदा घरी पाहुणे आहेत. त्या महिन्यात ती रोज चित्रघरात येत होती आणि रिकाम्या भिंतींत आईच्या चित्रासमोर बसून अहवाल लिहीत होती. लुगड्याखालचे पाय समोर दिसायचे. लहानपणी लपलेल्या मुलीला आईनं मुद्दाम उशिरा शोधलं होतं, एवढं तिला आठवत होतं.

अक्षय तृतीयेला सर सकाळीच आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं. पातेलंभर हरभरे रात्रीच भिजवून आणले होते, नारळांचं पोतं राखणदाराकडून चढवून घेतलं होतं. दाराशी खुर्ची टाकून बसले. निवेदिता फाइल आणि शाईचं पॅड घेऊन आत टेबलाशी.

लोक आले. येत नव्हते असं नाही. हातात आंब्यांची टोपली घेऊन, सरांच्या पाया पडायला सगळे आले. पण मोकळ्या हातानं. चित्र? हो, आणायचंय सर, गाडी नव्हती. मुलगा बाहेरगावी आहे सर. वहिनींना बरं नाही. एक जण इथल्या बोलीत म्हणाला, भिया, भिंतीला रंग देतोय, तेवढा वाळू द्या. लग्नाच्या पंगतीत जेवायचं टाळणाऱ्या माणसासारखे सगळे घाईत होते, आणि निवेदिताच्या टेबलाकडे कुणी बघत नव्हतं.

दुपारी शांताबाई आल्या. त्यांच्याही हातात काठी सोडून काही नव्हतं. पण त्या बहाणे करणाऱ्यांतल्या नव्हत्या. सरांसमोर जमिनीवरच बसल्या.

“सर, मी नाही आणली तिला.”

“का गं शांता? काही झालं का चित्राला?”

“चांगली आहे. माझ्या समोरच्या भिंतीवर आहे.” त्यांनी डोळ्याला पदर लावला. “मी सही करायला बसली होती. नातवाला बोलली, वाचून दाखव. त्यानं वाचलं, ‘आज के बाद उक्त चित्र से मेरा या मेरे वारिसों का कोई संबंध नहीं रहेगा.’ सर, माझी मोठी पोरगी जळून मेली सासरी, तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा पण नाही असं लिहून दिलं मी. तिच्याशी संबंध नाही, असं कुठल्या हातानं लिहू?”

सरांना काही कळेना. ते निवेदिताकडे वळले. “कोणता कागद, बेटा? असं लिहिलं होतं?”

निवेदितानं फाइल उघडून कागद त्यांच्या हातात दिला. सर तो डोळ्यांजवळ धरून वाचत राहिले. वर रजतची सही होती, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. शब्दांवर बोट ठेवत ते खालपर्यंत गेले.

“तू गेली नाहीस का कुणाकडे?” त्यांनी विचारलं.

“नाही सर.” आणि मग तिनं टाळत आणलेलं एकदाचं बोलून टाकलं, “माझंच चुकलं. मला वाटलं, नुसता फॉर्मच आहे.”

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

“लेक माहेराहून परत येत नाही म्हणजे सासरच्यांचं काहीतरी चुकलेलं असतं,” ते शांताबाईंना म्हणाले. “माझ्या घरात चुकलं, शांता. ठेव तिला तू. जपून ठेव, ओल लागू देऊ नकोस.”

शांताबाई रडत जिना उतरल्या. वरून त्यांच्या काठीचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून निवेदिता घरोघरी गेली. जे आधी करायचं ते आता, वरातीमागून घोडं. प्रत्येक घरी चहा झाला, प्रत्येक घरी चित्र समोरच लावलेलं होतं, आणि प्रत्येक घरी तिला प्रेमानं नाही म्हणाले. नवा कागद करून आणते, म्हणाली. शब्द बदलते, म्हणाली. लोक मान डोलवायचे. पण एकदा वाचलेलं न वाचलेलं होत नाही. आमची आहे, आमच्याकडे आहे, असं एकदा वाटलं की ते कुठल्या शब्दानं परत घेणार? मधुरिमाला फोन करून तिनं काही न लपवता सांगितलं. पलीकडे मधुरिमाचाही आवाज जड झाला. तिनं वरिष्ठांशी बोलून पाहिलं, मुदत वाढवून पाहिली. पण ज्या संग्रहालयात एकच चित्र आहे त्याला संग्रहाच्या जतनाचं अनुदान कुठून देणार? गोदामाच्या मालकानं जागा महिन्याच्या शेवटी मागितली.

शेवटच्या दिवशी सर आले तेव्हा निवेदिता खुर्च्या एकावर एक रचत होती. त्यांच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. पुन्हा हरभरे भिजवून आणले होते.

“सर, आता कुणी येणार नाही,” ती हळूच म्हणाली.

“ठाऊक आहे गं. पर लेकींच्या ओट्या राहिल्या माझ्याकडे. त्या ठेवून कसं घर बंद करू?”

ते भिंतीभिंतीनं फिरले. प्रत्येक पांढऱ्या चौकोनासमोर थांबायचे, बोटानं चुन्यावर हळदीकुंकू लावायचे, दोन शब्द पुटपुटायचे आणि पुढे सरकायचे. इथे माग होता. इथे झोपलेली सासू. सगळ्यात शेवटी ते पिवळ्या लुगड्यासमोर आले आणि थबकले. या सगळ्या गडबडीत ते चित्र तिथे आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. साठ जागांत तेवढी एकच भरलेली.

“अरे, ही तर सरोजिनीची,” ते म्हणाले. “हिला न्यायला कुणी आलं नाही?”

निवेदितानं हातातली खुर्ची खाली ठेवली.

“नाही सर,” ती म्हणाली. “हिचे कागद पूर्ण आहेत.”

सर तिच्याकडे बघत राहिले. मग चित्राकडे, लुगड्याखालच्या त्या पायांकडे. मग पुन्हा तिच्याकडे. ती दर चैत्रात चित्राबरोबर बॅग घेऊन जायची, हे त्यांनी इतकी वर्षं या दारातून पाहिलं होतं.

“ओढणी पसर, बेटा,” ते म्हणाले.

“सर, नको...”

“पसर म्हटलं ना.”

तिनं पसरली. सरांनी आधी नारळ ठेवला, मग ओंजळीनं हरभरे घातले. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. मग ओंजळीनं भागेना म्हणून त्यांनी पातेलंच कलतं केलं. साठ लेकींसाठी भिजवलेले सगळे हरभरे त्यांनी तिच्या ओटीत घातले. ओढणी वजनानं खाली आली, पाणी झिरपून कुर्ता भिजला, आणि निवेदिता दोन्ही हातांनी ते ओझं पोटाशी धरून, आईच्या चित्रासमोर मोठ्यानं रडायला लागली.

सर दाराकडे गेले, चप्पल घातली, आणि लेकीला निरोप देताना म्हणतात तसं म्हणाले, “ये हं, सांभाळून जा.”

एवढी भरलेली ओटी घेऊन जायचं कुठे, हे मात्र तिला काही सुचेना.